टॉवेलचा कुबट वास : दोष गृहिणीचा की हवेचा?

गेल्या दिवाळीत चार दिवस मी चेन्नईला ताईकडे होते. नरकचतुर्दशीची पहाट. बाहेर पाऊस कोसळत होता. आपल्याकडे दिवाळी म्हणजे कोरडी, गुलाबी थंडी. चेन्नईत मात्र ती ऐन पावसाळ्यात येते. ताई चारलाच उठली होती. तेल कोमट केले, उटणे कालवले, पाट मांडला, रांगोळी काढली आणि न्हाणीघराच्या दारावर प्रत्येकाचा टॉवेल घडी करून ठेवला. पहिला मान सासूबाईंचा. त्या न्हाऊन बाहेर आल्या, टॉवेल तोंडाला लावला आणि तसाच दूर धरला.

"अगं, ह्यो टावेल धुतल्याला हाय न्हवं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सरळ प्रश्न होता. पण ताईचा चेहरा उतरला. तिने काही न बोलता दुसरा टॉवेल आणून दिला. त्यालाही तोच वास. शेवटी सासूबाईंनी आपल्या पिशवीतला पंचा काढला.

दुपारी स्वयंपाकघरात चकलीचा डबा उघडताना ताईच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "या आठवड्यात तीनदा धुतले गं ते टॉवेल. पावडर दुप्पट घातली, वासाचं ते निळं पाणीही घातलं. बँकेतून आल्यावर रोज धुणं, रोज वाळत घालणं. तरी त्यांना वाटलं असेल, सुनेला घर ठेवता येत नाही."

टॉवेलच्या वासावरून घरात कुणी भांडत नाही. पण मनात अढी बसायला असे एक वाक्य पुरते. पाहुण्यांसमोर टॉवेल ठेवताना आपणही तो हळूच नाकाशी नेऊन पाहतोच की! म्हणून या खेपेला या साध्या दिसणाऱ्या, पण घरोघरी छळणाऱ्या प्रश्नाचा नीट विचार करू.

वास नेमका कशाचा?

आधी एक खूण सांगते. तुमचा टॉवेल वाळलेला असताना त्याला वास येत नाही आणि तोंड पुसून तो जरा ओला झाला की लगेच कुबट वास येतो, असे होते का? ताईच्या टॉवेलांचे तसेच होते. कपाटातून काढताना छान सुगंध, तोंडाला लावल्यावर पोतेऱ्याचा वास. ही खूण महत्त्वाची आहे. वास वरवरचा नाही, टॉवेलच्या पोटात मुरलेला आहे, असा तिचा अर्थ.

आपण अंग पुसतो तेव्हा पाण्याबरोबर त्वचेवरचे तेल, घाम, मृत त्वचेचे बारीक कण आणि जीवाणू टॉवेलला लागतात. पाणी, अन्न आणि ऊब मिळाली की जीवाणू वाढतात आणि या तेलकट कणांचे विघटन करून वासाची द्रव्ये तयार करतात. २०१२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या या ओल्या पोतेऱ्यासारख्या वासाचा माग काढला. 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' नावाचा जीवाणू त्यांना त्यामागे सापडला. हा जीवाणू मोठा चिवट आहे. कपडा वाळला तरी तो मरत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. पुन्हा ओल मिळाली की त्याचे काम पुन्हा सुरू. म्हणूनच कोरडा टॉवेल गप्प असतो आणि ओला झाला की बोलतो.

याशिवाय बुरशीचा वास वेगळा. तो मातकट असतो आणि टॉवेलवर काळे किंवा राखाडी बारीक ठिपके दिसतात. आणि तिसरा वास खवट तेलाचा. तो ओळखायला कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. तिन्हींचे उपाय थोडे वेगळे आहेत, म्हणून आधी वास ओळखायला हवा.

विट्याची हवा, चेन्नईची हवा

ताईचे सासर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे. खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेली आहेत. तामिळनाडूत तर गावोगाव ही मंडळी भेटतात. ताईचे सासरे तरुणपणीच चेन्नईच्या सावकारपेठेत आले. सासूबाई मात्र शेत आणि घरची म्हातारी माणसे सांभाळत गावीच राहिल्या. त्यांचा सारा जन्म दुष्काळी भागातल्या कोरड्या हवेत गेला. तिथे कुंपणावर टाकलेला पंचा चहा होईपर्यंत वाळतो. न वाळलेला टॉवेल म्हणजे न धुतलेला किंवा नीट न पिळलेला टॉवेल, असाच त्यांचा अनुभव. त्यांचेही काही चुकले नव्हते.

कपडा वाळायला तीन गोष्टी लागतात. ऊब, वाहता वारा आणि हवेत पाण्याची वाफ मावायला जागा. चेन्नईत ऊब भरपूर आहे, पण समुद्राकाठची हवा आधीच वाफेने भरलेली असते. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत. पावसाळी दिवसांत सकाळी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत जाड टॉवेल दिवसभर टांगला तरी आतून ओलसर राहतो आणि त्या उबदार ओलीत जीवाणूंची दिवाळी होते.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या वाचकांना जून ते सप्टेंबरमध्ये हाच अनुभव येतो. म्हणजे प्रश्न ताईच्या टापटिपीचा नव्हताच. प्रश्न होता टॉवेल किती वेळ ओला राहतो याचा.

जास्त पावडर, जास्त वास

ताईची दुसरी अडचण होती पाण्याची. ती राहते वेळच्चेरीला. इमारतीला बोअरचे पाणी. चेन्नईत अनेक ठिकाणी, विशेषतः किनाऱ्याकडच्या भागात, बोअरचे पाणी जड आणि मचूळ असते. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडावर खडे जमतात. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. तेव्हा तर लोकांनी टँकरच्या रांगेत उभे राहून पाणी भरले. अशा शहरात टॉवेल दोनदा जास्त खळबळा, असे सांगणेही जिवावर येते.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. आंघोळीचा साबण अंगावर थोडाफार राहतो, तो टॉवेलला लागतो. तिथे क्षार येऊन मिळतात आणि टॉवेलच्या सुतांवर थरावर थर बसत जातात. टॉवेल कडक होतो, पाणी शोषत नाही. मग आपण काय करतो? पावडर वाढवतो. जास्तीची पावडर कमी पाण्यात नीट निघत नाही, तीही आत राहते. टॉवेल मऊ व्हावा म्हणून सुगंधी कंडिशनर घालतो. हे कंडिशनर सुतांवर मेणकट पापुद्रा धरते. हाताला मऊ लागते, पण टॉवेल पाणी शोषेनासा होतो आणि आतला मळ आतच कोंडला जातो. जीवाणूंना यापेक्षा चांगले घर कोणते?

म्हणजे ताई जितकी मेहनत करत होती, तितका वास पक्का होत होता. मी हे तिला सांगितले तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "म्हणजे पैसे घालून मीच वास विकत आणला!"

तेलाच्या आंघोळीचा टॉवेल

शेजारच्या घरातल्या पाटी, म्हणजे आजीबाई, संध्याकाळी फराळाचे ताट घेऊन आल्या. त्यांना हिंदी थोडे, आम्हाला तमीळ त्याहून थोडे. तरी टॉवेलचा विषय निघताच गप्पा रंगल्या. त्यांनी एक गोष्ट चटकन लक्षात आणून दिली. तमीळ घरांत आठवड्याला तेलाची आंघोळ करण्याची जुनी पद्धत आहे, पुरुषांची शनिवारी, बायकांची मंगळवारी किंवा शुक्रवारी. ताईच्या घरानेही ती आनंदाने उचलली आहे. डोक्यापासून पायापर्यंत तिळाचे तेल. जुन्या बायका ते शिकेकाईने किंवा मुगाच्या पिठाने काढत. आता आपण साबण फिरवतो आणि उरलेले तेल टॉवेलने पुसतो. हे तेल साध्या गार पाण्यात निघत नाही. आठ-पंधरा दिवसांत ते खवट होते.

पाटींच्या घरी तेलाच्या आंघोळीसाठी वेगळा, जुना, पातळ 'तुंडू' असतो. तुंडू म्हणजे आपला पंचाच. तो त्याच दिवशी गरम पाण्याने धुतला जातो, इतर टॉवेलांत कधीच मिसळत नाही. आपल्याकडे बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावतात तेव्हाही हा नियम पाळावा. तेलाचा पंचा वेगळा, अंग पुसायचा वेगळा.

मुरलेला वास काढायची रीत

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताईने सुट्टी घेतली आणि आम्ही दोघींनी घरातले दहाही टॉवेल काढले. रीत लिहून ठेवावी अशी आहे. लक्षात ठेवायचे सूत्र इतकेच : आधी आंबट, मग खार, मग नुसते पाणी.

आधी आंबट : अर्ध्या बादली कोमट पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर घाला. व्हिनेगर नसेल तर दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे सत्त्व. टॉवेल तासभर बुडवून ठेवा. यात साबण अजिबात नको. आंबटपणाने क्षारांचा थर सुटतो. मग पिळून साध्या पाण्यातून एकदा काढा.

मग खार : आता गरम पाणी. उकळते पाणी एक भाग आणि नळाचे पाणी एक भाग मिसळले की साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी होते. अर्ध्या बादलीला तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा नेहमीची पावडर. टॉवेल बुडवून काठीने ढवळा आणि पाणी गार होईपर्यंत, दोन-तीन तास तसेच राहू द्या. पाणी किती गढूळ होते ते पाहून आश्चर्य वाटेल. ताईचे 'स्वच्छ' टॉवेल बुडवल्यावर पाणी डाळ धुतल्यासारखे झाले होते.

मग नुसते पाणी : दोनदा, जमल्यास तीनदा खळबळून काढा. घट्ट पिळा किंवा यंत्रात दोनदा फिरवून काढा. जितके पाणी पिळून निघेल तितके हवेला कमी काम.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एक नव्हेत. खाण्याचा सोडा सौम्य असतो, मुरलेल्या वासाला तो पुरत नाही. धुण्याच्या सोड्याने हाताची आग होते, म्हणून रबरी हातमोजे घाला. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नका, ते काळे पडते. स्टीलची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची बादली घ्या आणि गरम पाण्याजवळ मुलांना फिरकू देऊ नका. गडद रंगाचे टॉवेल पहिल्यांदा वेगळे भिजवा, रंग जाऊ शकतो.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातला की फसफसते. ते पाहून खूप काम होते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि खार एकमेकांना मारतात आणि उरते जवळपास मिठासारखे निरुपयोगी पाणी. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वेळीच वापरा. आणि सर्वांत महत्त्वाचे : ब्लीचच्या द्रावणात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

पांढऱ्या टॉवेलांवर बुरशीचे ठिपके असतील तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाले ब्लीच, गरम पाण्यात वापरून पाहावे. ते रंगाला क्लोरिनच्या ब्लीचपेक्षा सौम्य असते. तरीही काळे ठिपके सुतात खोल गेले असतील तर ते जात नाहीत. अशा टॉवेलचा मोह सोडा, त्याची पायपुसणी करा. ताईच्या दहापैकी सात टॉवेल पहिल्या खेपेत निर्मळ झाले, एकाला पुन्हा तीच रीत करावी लागली आणि दोन पायपुसणी झाले.

पावसाचे पाणी, फुकटचे औषध

तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला. ताई कुरकुरली. मला मात्र गच्चीवर बादल्या ठेवाव्याशा वाटल्या. पावसाचे पाणी मऊ असते, त्यात जवळजवळ क्षार नसतात. तामिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची सोय सक्तीची आहे. त्यामुळे बहुतेक गच्च्यांना नीट उतार आणि नळ असतात. पहिल्या सरीचे पाणी धूळ घेऊन येते, ते जाऊ द्यावे. नंतरचे पाणी बादलीत धरावे आणि शेवटच्या खळबळण्याला वापरावे. टॉवेल कंडिशनरशिवाय मऊ होतात. जड पाणी असलेल्या कोणत्याही गावात हा उपाय चालतो.

वाळवणे ही अर्धी लढाई

टॉवेल कितीही चांगला धुतला आणि ओला राहिला तर सारे पाण्यात. पूर्वी घरोघर सोवळ्याचे धोतर-लुगडे छताजवळच्या उंच वलणीवर काठीने वाळत घालत. तमीळ घरांतही 'मडी'ची वस्त्रे अशीच उंच कोडीवर टाकत. त्यामागे शिवाशिवीचा विचार होता, त्याचे आपल्याला काही करायचे नाही. पण वाळवण्याच्या दृष्टीने ती युक्ती नामी होती. ऊबदार हवा वर असते, कपडा एकपदरी पसरलेला असतो आणि त्याला कुणाचा हात लागत नाही. आता फ्लॅटमध्ये दोरी ओढून वरखाली होणारे छताचे स्टँड मिळतात, ते याच कामाचे.

टॉवेल वाळत घालण्यापूर्वी दोन्ही हातांनी जोरात झटका. दबलेली सुते उभी राहतात आणि हवा आत शिरते. दांडीवर मधोमध दुहेरी टाकू नका, एका काठाला चिमटे लावून लांब सोडा. दोन टॉवेलांत वीतभर अंतर ठेवा. दाटीवाटीने दहा टॉवेल टांगण्यापेक्षा चार-चार करून धुवा. पाऊस असेल तर पंख्याखाली टांगा आणि एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल टॉवेलातून निघून भिंतीत शिरते आणि भिंतीला बुरशी येते. सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळला नाही तर कडा आणि शिवण इस्त्रीने सुकवा. वाळला असे वाटले तरी जाड पट्टी गालाला लावून पाहा. गार लागली तर ओल आहे. असा टॉवेल कपाटात ठेवू नका. एक ओलसर टॉवेल साऱ्या कप्प्याला वास देतो. कापूर आणि डांबरगोळ्यांनी कीड दूर राहील, ओल जाणार नाही.

ऊन मिळेल तेव्हा गच्ची गाठा. चेन्नईची उघडी गच्ची, 'मोट्टै माडी', ही वडगम आणि मिरच्या वाळवायची जागा. पाऊस उघडला की तिथे कपड्यांची जत्रा भरते. ऊन टॉवेल झटपट वाळवते, हा त्याचा मोठा फायदा. पण मुरलेल्या वासाला नुसते ऊन पुरत नाही. आधी गरम पाणी, मग ऊन.

आणि यंत्राकडेही पाहा. समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या दाराच्या रबरी वळीत बोट फिरवा. तिथे काळा बुळबुळीत थर असेल तर वासाचे मूळ तिथेच आहे. वळी पुसून कोरडी करा, धुणे झाल्यावर दार उघडे ठेवा आणि महिन्यातून एकदा रिकामे यंत्र सर्वांत गरम पाण्यावर चालवा. धुणे झाल्यावर कपडे यंत्रात रात्रभर राहू देणे म्हणजे वासाला आमंत्रण.

जाड टॉवेलाचा हट्ट

पीळ सुटलेल्या छोट्या फासांचा हा जाड टॉवेल मूळचा तुर्कस्तानचा. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडच्या गिरण्यांत यंत्रावर विणला जाऊ लागला. आपल्याकडे सोलापूरने त्यात नाव कमावले. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फासांमुळे टॉवेल भरपूर पाणी पितो, पण प्यालेले पाणी लवकर सोडत नाही. टॉवेलची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. सहाशे जीएसएमचा टॉवेल दुकानात हाताला सुखावतो. पण दमट गावात तीनशे-चारशेचा टॉवेल घ्यावा, आणि रोजच्यासाठी पंचा. आपल्या आजीला हे कुणी सांगावे लागले नव्हते.

चेन्नईला कापड धुण्याची मोठी परंपरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथले कापड परदेशी जाण्यापूर्वी धुऊन शुभ्र केले जाई. ते काम करणाऱ्यांची वस्ती म्हणजे वण्णारपेट्टै, इंग्रजीत वॉशरमनपेट. तिथल्या माणसांच्या हातात गरम भट्टी, खार, भरपूर पाणी आणि मोकळे ऊन होते. आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत यातले काय काय उरले आहे, याचा विचार केला की टॉवेलवरचा राग जरा कमी होतो.

वासापुरताच प्रश्न नाही

आता ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याच्या कमरेला एक गोल, लालसर, खाजणारा चट्टा होता. ताईने आधी घामोळे समजून पावडर लावली. मग दुकानदाराने दिलेले मलम लावले. खाज दोन दिवस थांबली आणि चट्टा वाढला. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताच सांगितले, हे गजकर्ण. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "घरात टॉवेल किती आणि माणसं किती?" घाईच्या वेळी दारामागे जो हाताला लागेल तो टॉवेल घ्यायचा, अशीच घरातली रीत होती. भावोजींच्या मांडीवरही तसाच चट्टा निघाला. त्यांनी संकोचाने दोन महिने कुणाला सांगितले नव्हते.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण फार चिवट झाले आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी २०२० मध्ये वेगळी ओळखली गेली, तिचे नावच 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे ठेवले आहे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे डॉक्टरांना न विचारता लावल्याने दुखणे दबते आणि पसरते. म्हणून असा चट्टा दिसला तर मलम स्वतः निवडू नका, डॉक्टरांना दाखवा आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा. ज्यांना चट्टा आहे त्यांचे टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, वर गरम इस्त्री फिरवा. हे घरातल्या सर्वांच्या भल्यासाठी आहे, असे सांगूनच वेगळे करा. कुणाला वाळीत टाकल्यासारखे वाटू देऊ नका.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या टॉवेलांनाही हाच कडक नियम. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत आणि पुढे डिसेंबर २०२३ च्या 'मिचाँग' चक्रीवादळात वेळच्चेरीत घराघरांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. ते टॉवेल इतर कपड्यांपासून वेगळे धुवा, गरम पाण्यात भिजवून जंतुनाशकाने काढा. चार-पाच दिवस चिखलात राहिलेले असतील तर तोंड पुसायला पुन्हा वापरू नका.

मग घराने काय ठरवले?

ताईच्या घरी आता प्रत्येकाच्या टॉवेलच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा घातला आहे. माणशी दोन टॉवेल, एक वापरात, एक वाळणीवर. तीन-चार वापरांनंतर टॉवेल धुवायचा, पावसात दोन वापरांनंतर. पावडर अर्धी. कंडिशनर बंद. महिन्यातून एकदा आंबट-खाराची आंघोळ. आणि एक नियम सासूबाईंनीच घातला. ज्याने अंग पुसले त्याने आपला टॉवेल झटकून, पसरून, पंख्याखाली टाकायचा. पलंगावर ओला टॉवेल दिसला तर त्या दिवशी त्याला पुन्हा तोच टॉवेल.

"गावाकडं मी एकटीच सगळ्यांचं धुणं वाळत घालायची. पर तिथं ऊन माझ्या मदतीला होतं. हितं हिला कोण हाय?" असे त्या भावोजींकडे पाहून म्हणाल्या. ताईने मान वर केली नाही, पण तिच्या हातातला वेग कमी झाला, हे मी पाहिले.

निघायच्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन टॉवेल घेतला. त्याला कसलाच वास नव्हता, सुगंधही नाही. स्वच्छ कापडाला जेवढा वास असतो तेवढाच. गॅलरीत भावोजी आणि भाचा आपापले टॉवेल झटकत होते. सासूबाई आत चहा पीत बसल्या होत्या आणि ताई, कितीतरी दिवसांनी, त्यांच्याशेजारी निवांत बसली होती.

तेव्हा पुढच्या वेळी टॉवेलला वास आला तर आधी स्वतःला दोष देऊ नका, आणि सुनेलाही देऊ नका. पाणी पाहा, हवा पाहा, यंत्राची रबरी वळी पाहा. आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा टॉवेल आणि दोन चिमटे द्या.